कोलेस्टेरॉलची गोळी न घेणाऱ्या काकू

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रात मी काम करतो. वॉर्डात फिरून संशयित प्रकरणांचे अर्ज भरायचे आणि ते गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे पाठवायचे, असे हे काम आहे. तेथून ती नोंद स्वीडनमधील उप्साला येथील जागतिक संग्रहात जमा होते. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील औषधांविषयी आमच्याकडे येणारे अर्ज बहुधा ‘अंगदुखी’ या एका शब्दावर आटोपलेले असतात. वेदना कोणत्या स्नायूंत आहे, कधीपासून आहे, सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे विकर, म्हणजे एन्झाइम) तपासले का, यांतले काहीही त्यात नसते, आणि असा अर्ज भरणाऱ्या डॉक्टरांना आपण मोठे उपकार केल्यासारखे वाटते. त्यामुळे सदुसष्ट वर्षांच्या या काकूंचे प्रकरण समोर आले, तेव्हा मी त्यात जरा जास्तच गुंतलो.

दोन दिवसांपासून त्यांच्या मांड्या इतक्या दुखत होत्या की खाली बसल्यावर आधाराशिवाय उठवत नव्हते, आणि लघवी कोऱ्या चहासारखी होत होती. घरच्यांनी ती कावीळ समजून आधी झाडपाल्याचे औषध आणले होते. लघवी तपासायच्या पट्टीवर रक्त ‘तीन अधिक’ म्हणजे भरपूर आले, मात्र सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. ही विसंगती दिसली की स्नायूंतून सुटलेल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा संशय घ्यावा लागतो, कारण पट्टीला हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. वॉर्डातील निवासी डॉक्टर मुलीने तो संशय लगेच घेतला, आणि हे सांगितलेच पाहिजे, कारण एरवी आम्ही निवासी डॉक्टरांना नावेच ठेवत असतो. साधारण दोनशेच्या आत असायला हवे असलेले सीपीके एकतीस हजारांवर गेले होते, आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिनही वाढून २.३ झाले होते. सलाइन जोरात सुरू झाले.

“काकू, कोलेस्टेरॉलची गोळी कोणती घेता?” असे मी विचारले.

“ती मी घेतच नाही हो. माझी फक्त रक्त पातळ करायची कॅप्सूल आहे, आणि एक बीपीची,” असे त्या ठामपणे म्हणाल्या, आणि मुलानेही मान डोलावली.

मुलाने घरून आणलेल्या पिशवीत त्या कॅप्सूलचा कात्रीने कापलेला तुकडा होता. दुकानदाराने मोजून चार कॅप्सूल कापून दिल्या होत्या, त्यामुळे कंपनीच्या नावाचे शेवटचे दोन अक्षर आणि किंमत एवढेच हाती लागले. घटक छापलेला भाग दुकानातच राहिला होता. अँजिओप्लास्टीच्या डिस्चार्ज कार्डावरून उलगडा झाला: रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅस्पिरिन ७५ व क्लोपिडोग्रेल ७५ आणि स्टॅटिन गटातले अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम, तिन्ही एकाच कॅप्सूलमध्ये. त्यात खोकल्यासाठी गल्लीतल्या डॉक्टरांनी सहा दिवसांपूर्वी क्लॅरिथ्रोमायसिन सुरू केले होते. यकृतातील ज्या विकरामुळे अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचा निचरा होतो, त्यालाच हे प्रतिजैविक अडवते, म्हणून दोन्ही बरोबर द्यायची वेळ आलीच तर अ‍ॅटोरव्हास्टॅटिन दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर देऊ नये, असे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. त्याऐवजी अ‍ॅझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिले असते, तर हा अडथळा फारसा आलाच नसता. पण त्या डॉक्टरांनी विचारले असेल, तर त्यांनाही काकूंनी मला दिले तेच उत्तर दिले असणार.

केसपेपरवर कोणीतरी ‘कॅप्सूल बंद’ असे लिहिले. निर्णय बरोबर होता आणि धोकादायकही, कारण स्टेन्ट घालून पाचच महिने झाले होते आणि त्या दोन शब्दांनी स्टेन्टमध्ये गुठळी होऊ नये म्हणून दिलेले अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेलही बंद झाले होते. संध्याकाळी त्याच निवासी डॉक्टरने हृदयरोगतज्ज्ञांना फोन करून दोन्ही गोळ्या वेगळ्या लिहून घेतल्या. रोज एकच कॅप्सूल घेण्याची सोय रुग्णाला आवडते, हे मला मान्य आहे. पण तिच्यातले एकच औषध काढायची वेळ येते तेव्हा ही सोय कशी महाग पडते, हे त्या दिवशी पाहिले.

डायलिसिसची वेळ आली नाही. औषधे थांबवल्यावर सीपीके आठवडाभरात उतरत गेले, स्नायूंना इजा होण्याची दुसरी कारणे पाहिली, तर थायरॉइड ठीक निघाले, पडणे-मार लागणे काही नव्हते. आमच्या समितीने संबंध ‘संभाव्य’ ठरवला. ‘निश्चित’ म्हणण्यासाठी तेच औषध पुन्हा देऊन पाहावे लागले असते, आणि ते कोणी करणार नव्हते. अर्जात संशयित म्हणून अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही दोन्ही औषधे लिहिली, पण कॅप्सूलची कापलेली पट्टी नोंदवायला मात्र त्यात रकाना नाही.

आता काकू स्टॅटिनचे नाव काढू देत नाहीत. त्यांच्या बहिणीने स्वतःची गोळीही परस्पर थांबवली आहे, तिला कसलाही त्रास नसताना. स्टॅटिन घेणाऱ्यांना जाणवणाऱ्या त्रासाचा फार मोठा भाग नुसत्या साखरेच्या गोळीनेही जाणवतो, हे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या सॅमसन या ब्रिटिश अभ्यासात दिसले होते. पण एकतीस हजारांचा आकडा पाहिलेल्या घरात हे मी कोणत्या तोंडाने सांगू? हृदयरोगतज्ज्ञांनी तूर्त इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचे, पण स्टॅटिन नसलेले औषध दिले आहे आणि पुढे रोसुव्हास्टॅटिन या दुसऱ्या स्टॅटिनच्या ५ मिलिग्रॅमने सुरुवात करावी, असे त्यांचे मत आहे, कारण त्याचा निचरा त्या विकरावर फारसा अवलंबून नसतो. “पुन्हा असे होणार नाही, हे तुम्ही लिहून देता का?” असे मुलाने विचारले. मी ते लिहून दिले नाही. तरीही त्यांनी ती गोळी घ्यावी, असेच मला वाटते.