चार कार्डं, एकच फोन नंबर

‘अमेरिकन सायको’ पाहिला नसेल तर आधी पाहून या. खाली शेवटासकट सगळं फोडलं आहे.

मेरी हॅरन यांच्या २००० सालच्या या सिनेमाचा विषय निघाला की लोक थेट खुनाच्या कुऱ्हाडीवर येतात. कुऱ्हाड नंतर. आधी मीटिंग रूममधलं ते टेबल आणि त्यावरची व्हिजिटिंग कार्डं बघा. सिनेमाला जे म्हणायचं आहे ते त्या काही मिनिटांत सगळं म्हणून झालेलं आहे, आणि तिथे रक्ताचा थेंबही नाही.

सिनेमाचा नायक, न्यूयॉर्कमधला बँकर आणि खुनी पॅट्रिक बेटमन सहकाऱ्यांसमोर आपलं नवं कोरं कार्ड काढतो. रंग ‘बोन’, अक्षरं ‘सिलियन रेल’. लगेच व्हॅन पॅटन आपलं काढतो: ‘एगशेल’, ‘रोमेलियन’ टाइप. मग ब्राइसचं: उठावदार अक्षरं, ‘पेल निंबस’ पांढरा. शेवटी येतं तिथे हजर नसलेल्या पॉल अ‍ॅलनचं कार्ड, आणि ते हातात घेतल्यावर बेटमनला घाम फुटतो. कार्डं डबीतून बाहेर येताना तलवार म्यानातून उपसल्यासारखा आवाज येतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना विनोद नीट कळला होता.

आता सिनेमा थांबवून कार्डं वाचा. चौघंही ‘व्हाइस प्रेसिडेंट’. कंपनी एकच, पिअर्स अँड पिअर्स. फोन नंबरही चारही कार्डांवर तोच. आणि ‘अ‍ॅक्विझिशन्स’ (कंपन्या विकत घेणं) या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग चारही कार्डांवर चुकलेलं, त्यातलं ‘सी’ गायब. ज्या खात्यात ही मंडळी काम करतात त्या खात्याचंच नाव चुकलंय. शाईची जाडी बोटाने चाचपणाऱ्यांपैकी एकालाही ते दिसत नाही. मुद्दाम केलं की छपाईत राहून गेलं, हा वाद रंगवण्यात अर्थ नाही. पडद्यावर आहे ना, मग ते सिनेमाचं झालं.

छपाईशी ज्यांचा संबंध आहे त्यांना या प्रसंगात आणखी मजा येते. ‘सिलियन रेल’ आणि ‘रोमेलियन’ नावाचे टाइप, म्हणजे अक्षरांची वळणं, अस्तित्वातच नाहीत, ती बनवलेली नावं आहेत. उठावदार अक्षरं दोन तऱ्हांनी काढतात. खरं एन्ग्रेव्हिंग म्हणजे धातूच्या साच्यात अक्षरं खोदायची, त्यात शाई भरायची आणि कागद जोरात दाबायचा. अक्षर वर येतं आणि कार्डाच्या मागच्या बाजूला हलकासा खळगा पडतो. स्वस्तातली तऱ्हा थर्मोग्राफीची: ओल्या शाईवर राळेची पूड टाकायची, जादा झटकायची, गरम करायचं. शाई फुगते, चकाकते, पण मागची बाजू सपाटच राहते. म्हणजे ब्राइसच्या कार्डाची खरी पारख करायची तर ते उलटं करून पाहायला हवं होतं. तसं कुणीच करत नाही.

अ‍ॅलनच्या कार्डाची तर आणखी गंमत. बेटमन मनातल्या मनात कौतुक करतो: हलकासा मळकट पांढरा रंग, अभिरुचीपूर्ण जाडी, आणि अरे देवा, वॉटरमार्कसुद्धा! वॉटरमार्क कागदाचा लगदा ओला असतानाच उमटवतात आणि तो दिसतो उजेड आरपार गेला तर. म्हणून तो शोभतो लेटरहेडच्या पातळ कागदाला. कार्ड जितकं जाड, तितका तो दिसणं अवघड. जाडी आणि वॉटरमार्क या दोन्हींवर एकाच दमात भाळणारा माणूस कागदाचा जाणकार नसतो, ऐकीव शब्दांचा असतो. शिवाय कार्ड उजेडासमोर धरतंय कोण? ते त्याच्या हातात नुसतं थरथरतं आणि खाली पडतं.

हुद्द्याचंही तेच. इन्व्हेस्टमेंट बँकेत ‘व्हाइस प्रेसिडेंट’ म्हणजे कंपनीतला दुसरा सर्वात मोठा माणूस नव्हे. अ‍ॅनालिस्ट, असोसिएट, मग व्हीपी, त्याच्या वर डायरेक्टर आणि मॅनेजिंग डायरेक्टर अशी ती शिडी असते. ऐकायला भारदस्त असलेला हा मधल्या पायरीवरचा हुद्दा एका मजल्यावर डझनाने सापडतो. त्यामुळे हुद्द्यावरून कुणी कुणापेक्षा मोठा ठरत नाही. पगार जवळपास सारखा, सूट सारखे, न्हावीसुद्धा एकच. फरक उरला तो कागदाच्या रंगछटेत, आणि सगळी आग तिथेच लागते. हेवा वाटतो तो एकोणीस-विसाच्या फरकाचा. बेटमनला अब्जाधीशांचा हेवा वाटत नाही, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचा वाटतो.

या हेव्याचं कारण म्हणून कुणी ‘भांडवलशाही’, ‘हाव’ असले मोठे शब्द काढले की मी गाडीतल्या प्रसंगाकडे बोट दाखवतो. त्याची होणारी बायको एव्हलिन त्याला सहज म्हणते, नोकरी आवडत नाही तर सोड ना, कंपनी जवळजवळ तुझ्या वडिलांचीच आहे. म्हणजे पैशाची ददात नाही आणि काम तर तो करताना कुठे दिसतच नाही. उत्तर देताना त्याचे दात आवळलेले असतात: मला यांच्यात सामावून जायचंय. सगळ्यांसारखंही असायचं आणि सगळ्यांहून वरचढही, या दोन इच्छा एकत्र नांदणं शक्यच नाही.

सगळे सारखे झाले की कुणी कुणाला ओळखत नाही. अ‍ॅलन बेटमनला मार्कस हॅलबर्स्ट्रॅम हा दुसराच सहकारी समजतो, आणि त्याच नावाने जेवायला नेऊन बेटमन त्याचा खून करतो. पुढचा धागा पहिल्यांदा बघताना निसटतो. तपासाला आलेला डिटेक्टिव्ह किंबल सांगतो की अ‍ॅलनच्या डायरीत हॅलबर्स्ट्रॅमचं नाव आहे, पण त्या रात्री हॅलबर्स्ट्रॅम दुसरीकडे मित्रांबरोबर होता, आणि त्या मित्रांत एक तुम्हीही होतात, मिस्टर बेटमन! ज्या गोंधळामुळे खून करता आला, त्याच गोंधळाने खुन्याला साक्षीदार मिळवून दिले. शेवटाकडे बेटमन खुनांची कबुली देतो, तर त्याचा वकील कार्न्ससुद्धा त्याला डेव्हिस समजतो आणि म्हणतो, अ‍ॅलन मेला कसा, मी तर दहा दिवसांपूर्वी लंडनमध्ये त्याच्याबरोबर जेवलो. तो नक्की कुणाबरोबर जेवला, देव जाणे.

जागांचीही हीच गत. डॉर्सिया या रेस्टॉरंटमध्ये टेबल मिळणं ही त्या जगातली सर्वोच्च पदवी. बेटमन फोन करतो तेव्हा पलीकडून फक्त हसू ऐकू येतं. मग तो गोळ्यांच्या गुंगीत असलेल्या कोर्टनी या मैत्रिणीला बार्केडिया नावाच्या दुसऱ्याच रेस्टॉरंटमध्ये नेतो आणि हेच डॉर्सिया म्हणून सांगतो. ती खूश. मेनूकार्डावरचं नाव वाचलंत तरच हा विनोद हाती लागतो.

सकाळचा तो प्रसिद्ध कार्यक्रम लोक रील्समध्ये अगदी भक्तिभावाने वापरतात. डोळ्यांवर बर्फाची पिशवी, पोटाचे १००० व्यायाम, मग क्लीन्झर, मध-बदामाचा स्क्रब, चेहऱ्यावर हर्ब-मिंटचा मास्क, तो १० मिनिटं ठेवायचा, अल्कोहोल जवळपास नसलेलं आफ्टरशेव्ह, मॉइश्चरायझर, डोळ्यांखालचा बाम. या निवेदनाचा सूर नीट ऐका. माणूस स्वतःबद्दल बोलत नाहीये, बाटलीवरचं लेबल वाचतोय. पुढे ह्युई लुईस किंवा व्हिटनी ह्यूस्टन या गायकांबद्दल तो बोलतो तेही असंच, कॅसेटच्या खोक्यावर छापल्यासारखं. बहुतेक रील्स मास्क सोलायच्या आसपास संपतात. त्याच प्रसंगात पुढे वाक्य येतं की पॅट्रिक बेटमन नावाची फक्त एक कल्पना आहे, मी मुळात तिथे नाहीच. तेवढंच कापून टाकलं की उपहासाचं ट्यूटोरियल होतं.

ब्रेट ईस्टन एलिस यांच्या १९९१ च्या कादंबरीत कपड्यांच्या ब्रँडांची नावं पानंच्या पानं येतात, वाचणारा थकेपर्यंत. तो थकवा हाच तिथला परिणाम आहे. पडद्यावर ते चाललं नसतं. हॅरन आणि सहलेखिका ग्विनेव्हिअर टर्नर यांनी नावं छाटली आणि त्यांची जागा वस्तूंच्या क्लोजअपला दिली. कादंबरीत ‘रोलेक्सला हात लावू नकोस’ असं आहे, सिनेमात ते नुसतं ‘घड्याळाला’ झालं. मला सिनेमाची काटछाट जास्त आवडते. एका कार्डावर जी नजर थांबते ती शंभर लेबलांवर थांबत नाही.

खून खरे की मनातले, हा वाद मात्र मला कंटाळवाणा वाटतो. सगळं स्वप्न होतं असा समज व्हावा हा आपला हेतू नव्हता, असं खुद्द हॅरन यांनी सांगितलं आहे. शिवाय त्या वादात अ‍ॅलनच्या फ्लॅटचा प्रसंग वाया जातो. आधी तो फ्लॅट बघून बेटमनच्या पोटात गोळा आलेला असतो. का, तर खिडकीतून पार्क दिसतं आणि किंमत आपल्या फ्लॅटपेक्षा उघड जास्त आहे. नंतर तो तोंडाला मास्क लावून परततो, तिथे आपणच ठेवलेल्या मृतदेहांच्या तयारीने. तर भिंती पांढऱ्याशुभ्र, फुलं मांडलेली, आणि इस्टेट एजंट बाई गिऱ्हाइकांना घर दाखवतायत. त्या विचारतात, टाइम्समधली जाहिरात पाहून आलात का? तो चाचरत हो म्हणतो. टाइम्समध्ये जाहिरात नव्हतीच, असं त्या शांतपणे सांगतात. इथे काय झालं होतं हे त्यांना ठाऊक आहे की नाही, कळत नाही. पार्क दिसणारा फ्लॅट विकायचा आहे, एवढं मात्र नक्की ठाऊक आहे. गडबड करू नका, निघा आणि परत येऊ नका, असं त्या म्हणतात. नाही येणार, काळजी करू नका, असं म्हणून तो निमूटपणे जातो.