डोक्यातून उगवलेला खांब

तलावपाळीच्या कठड्यापाशी बसलेली आजी, अंगावर जांभळी नऊवारी, हातात शेंगांची पुडी आणि बरोबर अंबाड्यातून वर निघालेला दिव्याचा खांब. फोटो काढणारा नातू नववीतला. माझ्यासमोर छाती काढून उभा. "बाई, रूल पाळलाय. आजी डाव्या रेषेवर आहे, बघा."

बघितलं. खरंच होती. मोबाइलमधली ग्रिड, म्हणजे पडद्याचे उभे-आडवे तीन-तीन भाग करणाऱ्या रेषा, लावून त्याने आजीला असं चोख बसवलं होतं की फूटपट्टीने मोजलं तरी चूक निघाली नसती. फक्त आजीला शिंग फुटलं होतं.

"हा खांब नाही का दिसला तुला?"

"होता तिथे?"

तो काही थापा मारत नव्हता. आपल्या दोन डोळ्यांना आजी पुढे आणि खांब दहा पावलं मागे असा वेगवेगळा दिसतो. त्यातून लक्ष आजीवर असलं की मन खांब परस्पर पुसून टाकतं. फोटोच्या कागदाला मागचं-पुढचं कळत नाही. त्याच्या लेखी खांब आणि अंबाडा शेजारी शेजारी. चित्र काढताना ही पंचाईत होत नाही, कारण खांब काढायचा तर हाताने काढावा लागतो. मोबाइल न सांगता सगळंच काढून ठेवतो.

मी ठाण्यातल्या एका मराठी शाळेत चित्रकला शिकवते, त्याला सव्वीस वर्षं झाली. गेल्या वर्षीपासून शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास फोटोचा वर्ग घेते. एरवी शाळेत मोबाइल दिसला की जप्त होतो, त्यामुळे परवानगी काढायलाच दीड महिना गेला. चौदा मुलं, सहा मोबाइल, त्यातले दोन आयांचे आणि एकाची काच तडकलेली. एवढं भांडवल.

मुलं कोरी पाटी घेऊन येत नाहीत. यूट्यूबवर सगळं बघून आलेली असतात. रूल ऑफ थर्ड्स (विषय मधोमध नको, ग्रिडच्या एखाद्या रेषेवर हवा), लीडिंग लाइन्स (नजर विषयाकडे नेणाऱ्या रेषा), फ्रेममध्ये फ्रेम, हे शब्द त्यांच्या तोंडात माझ्याआधी होते. तिसऱ्या शनिवारपर्यंत माझ्याकडे साठेक फोटो जमले आणि जवळपास प्रत्येकात माणूस एक तर डावीकडे नाहीतर उजवीकडे. मधल्या जागेवर कुणी रुमाल टाकून ठेवलाय की काय!

हा थर्ड्सचा नियम कॅमेऱ्याचा नाहीच मुळी. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने 1797 साली खेड्यातल्या निसर्गचित्रांवरच्या पुस्तकात तो लिहिला. आकाश किती, जमीन किती, उजेड किती, सावली किती, असं वाटप करताना निम्मं-निम्मं नको, एक भाग आणि दोन भाग असू दे, एवढंच त्याचं म्हणणं. फोटो काढण्याची रीत पॅरिसमध्ये जाहीर झाली ती 1839 साली. हे सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "म्हणजे तेव्हा फोन नव्हते?" अगं, फोन सोड, कॅमेरेच नव्हते.

माझ्या वर्गातली निम्मी मुलं चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणारी. त्यांना मी संकल्पचित्राचा पेपर आठवायला सांगितला. चौकोनात फुलं-पानं सगळेच काढतात. पण फुला-पानांच्या मधे जी जागा उरते तिलाही आकार असतो, तो ज्याला दिसतो त्याचं चित्र बसतं. बाकीच्यांचं नुसतं भरतं. फोटोतही मला तेवढंच शिकवायचं होतं, उरलेलं बघायला. पण उरलेलं बघ म्हणून सांगून कुणाला दिसत नाही.

मग लग्नपत्रिका कामाला आल्या. आमच्या घरी त्यांचा ढीग आहे, जाड पुठ्ठ्याच्या, सोनेरी गणपतीवाल्या, टाकवत नाहीत. प्रत्येकीला मधोमध आठ बाय सहा सेंटिमीटरची खिडकी कापली. मोबाइलचा फोटो बहुतेक चारास तीन याच मापाचा असतो म्हणून. मोबाइल पिशवीत जमा करून घेतले आणि चौदा जणांना नुसते पुठ्ठे देऊन तलावपाळीवर नेलं. एक डोळा बंद, पुठ्ठा हातभर लांब धरला की खिडकीत थोडंच मावतं, नाकाजवळ आणला की अख्खं गडकरी रंगायतन मावतं. बंद डोळ्याला महत्त्व आहे. एका डोळ्याने बघितलं की मागचं-पुढचं थोडं चपटं होतं, म्हणजे फोटोला जसं दिसतं त्याच्या जरा जवळ जातं.

लोक थांबून बघायला लागले. एक बोटवाला म्हणाला, "काय हो बाई, तलाव मोजायला आलात का? कुठली मोनोरेल काढताय आता?"

काम एकच दिलं होतं. खिडकीच्या चारी कडांवरून बोट फिरवायचं आणि कडेला काय काय लागतं ते वहीत लिहायचं. मधे काय आहे ते लिहायचंच नाही. एका मुलाची यादी मी जपून ठेवली आहे: "अर्धी स्कूटर. काकांचं कोपर, काका नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीचा कान. झाडाची फांदी (कुठून आली माहीत नाही). कुत्र्याची शेपटी." खाली मोठ्या अक्षरात, "कुत्रा बाहेर आहे."

तासाभराने मोबाइल परत दिले तेव्हा फोटो काढायला घाई कुणाची नव्हती. एकाने चाळीस मिनिटांत तीनच काढले. आजीवाल्या नातवालाही कळलं की खांब हलवता येत नाही, आजीलाही उठवायची गरज नाही, आपणच एक पाऊल बाजूला सरकायचं. पावलाभरात खांब आजीच्या डोक्यावरून निघून नुसत्या पाण्यावर जातो. हे त्याला इतकं आवडलं की पुढचा अर्धा तास तो मित्रांच्या डोक्यांवर खांब उगवत आणि काढत बसला होता.

आणखी एक फटकन सांगून टाकते. मोबाइलची मुख्य लेन्स बरीच रुंद बघणारी असते. चेहरा त्यात मोठा दिसावा म्हणून मुलं अगदी नाकाशी जातात. मग नाक मोठं येतं आणि कान मागे पळतात. दोष लेन्सपेक्षा अंतराचा. दोन-तीन पावलं मागे या आणि दोनपट झूम करा, आजी आजीसारखी दिसते.

रंगांसाठी आम्ही जांभळी नाक्यावर गेलो. निळ्या ताडपत्रीवर झेंडूचा ढीग. निळा आणि नारिंगी हे रंगचक्रात समोरासमोरचे, हे पाचवीपासून घोकलेलं, त्यामुळे अकरा जणांनी ढिगाचाच फोटो काढला. सगळे छान, सगळे एकसारखे, कॅलेंडरवर शोभतील असे. एकाने मात्र पाठ फिरवली. वर बांधलेल्या ताडपत्रीतून निळा उजेड झिरपत होता आणि त्यात हार ओवणाऱ्या बाईंचे हात निळसर झाले होते, बोटांत एकच फूल. मोबाइल आपण होऊन तो निळा रंग पुसायला बघतो, त्याला वाटतं उजेडात काही बिघाड आहे. मुलाने सेटिंगमध्ये खटपट करून निळा तसाच राखला. मला हे शिकवता आलं नसतं. मला सुचलंच नव्हतं.

आता माझी चूक. चेंदणी कोळीवाड्यातली एक मुलगी आहे, बोलायला कमी. तिने घराच्या दाराचा फोटो आणला. दोन्ही बाजूंना ओटे, मधे उंबऱ्यावर आई बसलेली, मांडीवर जाळं, दातात दोरा. आई अगदी मधोमध. मी सवयीने वहीत लाल पेनाने लिहिलं, "विषय मध्यभागी नको." सव्वीस वर्षांची सवय, हात आपोआप चालतो.

ती काही बोलली नाही. पुढच्या शनिवारी वही उघडली तर माझ्या शेऱ्याखाली तिने ठिपक्यांची रांगोळी काढली होती, तेरा ते सात, ठिपके अगदी ओळीत. म्हणाली, "बाई, ही पण मधूनच सुरू होते."

मी फोटो परत बघितला. डावा ओटा, उजवा ओटा, दाराच्या दोन चौकटी, वरची तोरणाची ओळ, सगळं आईकडे येत होतं. घर तिच्याभोवती बांधल्यासारखं. तिला एका बाजूला सरकवलं असतं तर सगळा तोल गेला असता. शिवाय कडा चारी स्वच्छ, कुठे कुणाची शेपटी नाही. मी जो एक नियम खरोखर शिकवला होता तो तिने पाळला होता, आणि यूट्यूबचा नियम पाळला नाही म्हणून मी तिला लाल शेरा दिला. शेरा खोडला आणि बाजूला सही केली. मुख्याध्यापकांसमोर खाडाखोडीवर करतो तशी.

दुसरी चूक याहून महाग पडली. वार्षिक प्रदर्शनासाठी वीस फोटो छापायचे होते. पैसे मोजके, म्हणून चार बाय सहा इंच. मी पेनड्राइव्ह देऊन आले. दुकानदाराने विचारलं होतं, "बाई, फुल करू की फिट?" मी घाईत म्हटलं, "फुल." आदल्या संध्याकाळी पाकीट उघडलं आणि पोटात गोळा आला. फोटो चारास तीन, कागद सहास चार. कागद पूर्ण भरायचा म्हणजे आडव्या फोटोची उंची एक नवमांश कापली जाणार. हे गणित मला येत होतं, त्या क्षणी केलं नाही एवढंच. मशीनने वरून-खालून सारखी पट्टी उडवली. आजी पायाच्या घोट्यापर्यंतच उरली. वर्षभर पोरांना कडा, कडा म्हणून पिडलं आणि स्वतः वीसच्या वीस फोटोंच्या कडा कापून आणल्या.

मुलांना सांगावंच लागलं. कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच फोटोग्राफरची गोष्ट मी त्यांना आधी सांगितली होती. तो आधी चित्रकला शिकला होता, उतारवयात कॅमेरा ठेवून पुन्हा चित्रंच काढत बसला, आणि फोटो कापायला त्याची सक्त ना असायची. नातवाने ते बरोबर लक्षात ठेवलं होतं. "बाई, त्याने तो डबक्यावरून उडी मारणारा माणूस काढलाय ना, तो तर कापलेला आहे. तुम्हीच म्हणालात." म्हणाले होते. 1932 चा तो फोटो, पुढ्यातल्या कुंपणाचा भाग आला होता म्हणून कापलेला. "पण तो त्याने विचार करून कापला रे," मी म्हटलं, "मी बसची घाई होती म्हणून कापला."

सगळे फोटो परत छापले, या वेळी सहा बाय आठच्या कागदावर. ते माप चारास तीनच, काही कापावं लागत नाही. पैसे अर्थातच माझे.

प्रदर्शनाला आजी आल्या होत्या, त्याच जांभळ्या नऊवारीत. नातू त्यांना हाताला धरून फळ्यापाशी घेऊन गेला. खांब आता पाण्यावर एकटा उभा होता आणि पाय पूर्ण होते, बोटांपर्यंत. आजींनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं.

"एवढं बसवलंस मला तासभर," त्या म्हणाल्या, "चपला तरी नव्या घालायला सांगायचं होतंस."