६१ आकड्यांसाठी सहा खेपा

एप्रिलचे ३० आणि मेचे ३१. एवढंच कमाल तापमान हवं होतं मला, तेही आमच्याच परभणी भागाचं. त्यात साडेतीन आठवडे गेले. युरोपियन हवामान केंद्राचे जुने अंदाज टिग्गी (TIGGE) या जगभरच्या अंदाजांच्या ऑनलाइन संग्रहातून उतरवायला मात्र दोन रात्री पुरल्या.

विषय एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा. उष्णतेच्या लाटेत हवामानबदलाचा हात किती, हे रोजच्या अंदाजाच्या संगणकी मॉडेलवरून काढायची एक पद्धत आहे. ऑक्सफर्डच्या निकोलस लीच आणि सहकाऱ्यांनी ती कॅनडा-अमेरिकेच्या २०२१ च्या लाटेवर वापरली, लिटन गावात पारा ४९.६ अंशांवर गेला होता ती. जे मॉडेल ती लाट आधी सांगू शकलं तेच पुन्हा चालवायचं, पण हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वीइतका आणि समुद्रही त्या मानाने गार ठेवून. दोन अंदाजांतला फरक ही माणसाची भर. असं मॉडेल चालवणं माझ्या लॅपटॉपच्या बापाला जमलं नसतं. माझ्या वाट्याला पहिलीच पायरी होती : युरोपियन केंद्राच्या मॉडेलला आपल्याकडची लाट आधी दिसली होती का? नसेल, तर पुढचं सगळं मुसळ केरात. आणि ते ताडायला प्रत्यक्ष किती तापलं होतं ते लागतंच.

तापमानाच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात पहिल्या खेपेला साहेब नव्हते. दुसऱ्यांदा विभागप्रमुखांचं पत्र मागितलं. तिसऱ्यांदा पत्र नेलं, तर त्यावर जावक क्रमांक नव्हता. ऊन मी म्हणत होतं आणि मी त्यांच्या पत्र्याच्या शेडखाली ओढणीने वारा घेत बसलेली. चौथ्यांदा बाबूंनी ‘प्रयोजन’ या रकान्यावर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, ‘उष्णतेच्या लाटेचे कारणनिर्धारण’.

“कारण कामून पाहिजे, ताई? उन्हाळा हाय म्हणून तापतंय.”

खिडकीतून समजावायला गेले, तर मागची रांगच कुरकुरायला लागली. शेवटी खोडून ‘एम.एस्सी. प्रकल्प’ लिहिलं आणि अर्ज पुढे सरकला. तुम्हीही तेवढंच लिहा, हुशारी प्रबंधासाठी राखून ठेवा.

पाचव्या खेपेला रजिस्टर समोर आलं. निळी शाई, एका जागी ४२ वर गिरवून ४३ केलेलं, शेजारी कुणाची तरी आद्याक्षरं. सगळं हाताने उतरवून घेतलं.

हो, अंदाजातलं तापमान केल्विनमध्ये येतं, २७३.१५ वजा करा. आणि वेळ ग्रिनिचची असते. तिथला ६ ते १२ चा टप्पा म्हणजे आपले साडेअकरा ते साडेपाच, दुपारचा कमाल पारा त्यातच शोधायचा.

एवढं करूनही मॉडेल दरवेळी एक दिवस आधीच तापायचं. दोन दिवस मी त्यालाच शिव्या घातल्या. मग सहावी खेप. नोंदी घेणारे काका फाटकाबाहेर चहा पीत होते. म्हणाले, “सकाळी साडेआठला वाचतो ना आपण. ते कालचं असतंय, पोरी. तारीख मात्र वाचल्या दिवसाची पडते.”

रकाना एक दिवस मागे सरकवला आणि दोन्ही रेषांची शिखरं एकाखाली एक आली. आलेख बघून सर म्हणाले, “छान. ते जावक क्रमांकाचं पत्र फाईलला लावलंस ना?”