एवढ्याशा पोराला रोज पंप कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या मुलाला दमा आहे, त्यासाठी तो रोज स्टिरॉइडचा पंप ओढतो. भेटेल तो हेच विचारतो, "एवढ्याशा पोराला रोज पंप कशाला? सवय लागेल ना!" इतकी वर्षं विषय बदलत आले, आज एकदाचं सांगून टाकते.

सवय लागेल असं मलाही वाटायचंच की. तो सहा वर्षांचा होता, दोन महिने खोकला नाही, रात्री शांत झोप, पळताना दम नाही, मग धडधाकट पोराच्या तोंडात रोज स्टिरॉइड कशाला मारायचं म्हणून डॉक्टरांना न विचारता मी पंप बंद केला. कुणाच्या सांगण्यावरून नाही, माझी मीच. तो ठीक होता ते पंपामुळेच, हे डोक्यातच आलं नाही.

तीन आठवड्यांनी साधी सर्दी झाली. रात्री अडीचला तो उठून बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर. दम लागल्यावर द्यायचा निळा पंप दिला, परत दिला, फरक नाही. टीशर्ट वर केला तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, गळ्याखाली खड्डा पडत होता. "पाणी" म्हणाला, थांबला, श्वास घेतला, मग "दे". दोन शब्दांना दोन श्वास. आणि मग छातीतली ती शिट्टीसारखी घरघर कमी झाली आणि मला हायसं वाटलं, वाटलं सुटलो एकदाचे. नंतर कळलं, आवाज होण्याइतकीसुद्धा हवा आत-बाहेर जात नव्हती म्हणून घरघर थांबली होती. त्या हायसं वाटण्यात किती मिनिटं गेली ते मला अजून मोजवत नाही.

हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन, नेब्युलायझर, सगळं एकदम सुरू झालं. डॉक्टरांनी विचारलं, रोजचा पंप चालू आहे ना? मी म्हणाले, हो. मास्कच्या आतून पोराने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

आता त्या स्टिरॉइडचं. निळा पंप आवळलेल्या श्वासनळ्या तेवढ्यापुरत्या सैल करतो, आतली सूज उतरवतो तो रोजचा पंप, आणि त्याचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. त्या रात्रीनंतर जे पोटातून स्टिरॉइड द्यावं लागलं ते मिलिग्रॅममध्ये होतं, म्हणजे मोजायचं एककच हजारपट मोठं, आणि तेही सगळ्या अंगात फिरणारं. ही वेळ मी आणली त्याच्यावर, पंपाने नाही.

पण काहीच होत नाही असंही मी म्हणणार नाही. अमेरिका आणि कॅनडात दमा असलेल्या ५ ते १२ वर्षांच्या १०४१ मुलांवर मोठा अभ्यास झाला, त्यात काही वर्षं रोज बुडेसोनाइड, म्हणजे पंपातलं स्टिरॉइड, ओढलेली मुलं ते न घेतलेल्या मुलांपेक्षा मोठेपणी सरासरी १.२ सेंटिमीटर कमी उंच निघाली. हे वाचल्यापासून दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलच्या खुणा मी जरा जास्तच वेळा बघते. तरी रोज सकाळ-संध्याकाळ पंपाला स्पेसर, म्हणजे औषध नीट ओढता यावं म्हणून जोडायची नळी, लावते, चूळ भरायला लावते.

आता तो आठ वर्षांचा आहे. डॉक्टर म्हणतात, छान चाललंय, डोस हळूहळू कमी करून बघू. मीच दोनदा नको म्हणाले. तेव्हा बंद करायची घाई मलाच होती आणि आता कमी करू देत नाही तीही मीच, यातली बरोबर कोण ते तुम्हीच सांगा.

परवा मित्राकडे रात्री राहायला जाऊ का म्हणाला. मी नाही म्हटलं. काही बोलला नाही. नंतर दप्तर उघडलं तर पंप आणि स्पेसर त्याने आधीच भरून ठेवला होता.