अण्णांच्या कानाचं मशीन ईसीएचएसमधून, माझा अनुभव

आमचे अण्णा तोफखान्यात होते, १९९४ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले. कान गेलेत हे घरात सगळ्यांना कळत होतं, अण्णा काही मानायला तयार नव्हते. दिवाळीत माझी मुलगी तीनदा आबा आबा करून हाका मारून शेवटी रडत आत आली, तेव्हा म्हटलं आता बास.

ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, २००३ पासून आहे आणि १९९६ च्या आधी रिटायर झालेल्यांना तर वर्गणीपण नाही, तरी अण्णांनी कार्डच काढलेलं नव्हतं, मला काय धाड भरलीय म्हणायचे. ऑनलाइन फॉर्म भरला तर डिस्चार्ज बुकात जन्मतारीख १ जून, मास्तरांनी शाळेत घातलेली, आपल्याकडे अर्ध्या गावाची तीच असते, आणि आधारवर १ जानेवारी. फॉर्म परत. आधार दुरुस्त करण्यात दीड महिना गेला, म्हणून कळकळीने सांगतो, डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार, पॅन शेजारी शेजारी ठेवून नाव आणि तारीख अक्षर न अक्षर जुळवा आणि मगच फॉर्मला हात लावा.

कार्ड आल्यावर सोपं होतं. ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टरांनी ईएनटीला रेफर केलं, तिथे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, बीप ऐकू आला की बटण दाबायचं. अण्णा ताठ बसलेले, अंगठा बटणावर, इकडे तपासणाऱ्या ताई एकेक बीप सोडतायत आणि अंगठा हलतच नाहीये. मला बघवेना.

ग्राफ बघून ताई म्हणाल्या, ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजाला, खड्डा पडलाय, मोठ्या आवाजात काम केलेल्यांचा असाच येतो, कुठे होता काका तुम्ही? अण्णा म्हणाले, १३० एमएम गनवर. मग परत येताना गाडीत बोलले, फायरिंग झालं की दोन दोन दिवस कानात शिट्टी वाजायची, पण डॉक्टरला सांगितलं तर मेडिकल कॅटेगरी खाली येणार, प्रमोशन जाणार, म्हणून कानात कापूस घालून गप्प बसलो. इतकी वर्षं आईलासुद्धा बोलले नव्हते.

मशीन मंजूर होऊन मिळालं. पहिला आठवडा सारखं काढून ठेवायचे, भांड्यांचा आवाज डोक्यात जायचा. सक्ती केली नाही, रोज तासभर वाढवत नेलं. आता नातीशी फोनवर स्वतः बोलतात. शिट्टी मात्र रात्री अजून वाजते म्हणे, त्यासाठी पुढच्या महिन्यात परत ईएनटीकडे जायचंय, आणि ती तारीख या वेळी त्यांनीच कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.