साइट सोडली, पण रोहित कुठे न्यायचे?

मी राहते ऐरोलीत, नोकरी ठाण्यात, आणि सुट्टीच्या दिवशी ठाण्याची खाडी. २०१४ पासून रोहितांचे म्हणजे फ्लेमिंगोंचे फोटो एका मोठ्या कंपनीच्या सोशल मीडिया साइटवर टाकायचे, कुठली ते सांगत नाही. नुसते फोटो नाही, खाली चार ओळी असायच्याच, भरती किती वाजता होती, थवा कुठल्या अंगाला होता, मोठ्या जातीचे किती नि छोट्या जातीचे किती (मोठ्या रोहितची चोच फिकट गुलाबी आणि टोक काळं, छोट्याची गडद लाल, लांबून बघितलं तर सगळे सारखेच). २०१५ ला खाडीचं अभयारण्य झालं, २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, नाव आलं, तेव्हाचं सगळं माझ्या खात्यावर तारीखवार लिहिलेलं होतं.

मग गेल्या फेब्रुवारीत, ऐन सीझनमध्ये, एका सकाळी खातं लॉक. संशयास्पद हालचाल म्हणे. आयडीचा फोटो पाठवला, मदतीच्या फॉर्मवर तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा तेच छापील उत्तर. नवव्या दिवशी आपोआप उघडलं, का बंद होतं आणि का उघडलं ते आजतागायत कळलेलं नाही. तसंही दोन वर्षांपासून मी फॉलो केलेल्या माणसांच्या पोस्टी मला दिसतच नव्हत्या, अनोळखी लोकांचे नाचाचे व्हिडिओ आणि कढईच्या जाहिराती. पण ते चालवून घेतलं होतं. त्या नऊ दिवसांत मात्र पोटात गोळा आला की माझी अकरा वर्षांची वही दुसऱ्याच्या कपाटात आहे आणि किल्ली पण त्याच्याचकडे.

भाचा म्हणाला, "मावशी, तू मॅस्टोडॉनवर ये." त्याचं स्वतःचं खातं २०१९ च्या नोव्हेंबरातलं, ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं म्हणून आपल्याकडचे खूप जण तेव्हा तिकडे गेले होते, त्यात हाही गेला, आठवडाभर बसला आणि पासवर्ड विसरला. पुढे २०२२ ला मस्कने ट्विटर घेतल्यावर परत गेला तो टिकला.

मला आधी वाटलं ही पण एक साइटच, कंपनी तेवढी दुसरी. तसं नाहीये. ऑयगेन रोखको नावाच्या जर्मनीतल्या एका मुलाने २०१६ मध्ये हे सॉफ्टवेअर काढलं, कोड सगळ्यांना खुला, ज्याला जमेल त्याने आपल्या सर्व्हरवर, म्हणजे कायम इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर, बसवावं. आणि हे सगळे सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या एका ठरलेल्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात, ती पद्धत २०१८ पासून डब्ल्यूथ्रीसीचं, म्हणजे वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं, अधिकृत स्टँडर्ड आहे. भाच्याने ईमेलचं उदाहरण दिलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं, तुझं जीमेल नि माझं याहू असलं तरी मेल जातोच ना, तसंच, म्हणून इथे पत्त्यात नावापुढे सर्व्हरचं नाव पण लागतं.

आधी जुन्या साइटवरून माझा डेटा मागवला. दोन दिवसांनी झिप आली. फोटो होते, पण फाइलींची नावं म्हणजे लांबलचक आकडे, आणि माझ्या ओळी एका जेसन फाइलमध्ये, म्हणजे माणसांपेक्षा प्रोग्रॅमला वाचायला सोयीच्या फाइलमध्ये. उघडते तर मराठीचा मागमूस नाही! उलटी तिरकी रेघ, यू, ०९३०, परत उलटी रेघ, यू, अजून काहीतरी, पानंच्या पानं तसली. ०९३० म्हणजे युनिकोडमधला (प्रत्येक अक्षराला संगणकात दिलेला ठरलेला क्रमांक असतो त्यातला) "र" हे मला नंतर कळलं, म्हणजे रोहितमधला र होता बिचारा. भाच्याने कपाळावर हात मारला, अगं एचटीएमएलचा पर्याय होता ना तिथे, तो का नाही निवडलास. मी जेसन निवडलं कारण ते यादीत वर होतं. परत मागवली, परत दोन दिवस. कोणी मागवणार असाल तर एचटीएमएलच घ्या, ब्राउझरमध्ये सरळ वाचता येतं.

मग सर्व्हर निवडायचा. यात लोक महिना महिना घालवतात, मी एका संध्याकाळी ठाण्याहून घरी येताना ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये उभ्या उभ्या उरकलं, दिघा गाव येईपर्यंत फॉर्म भरून झाला. निसर्गाची आवड असणाऱ्यांचा एक छोटा सर्व्हर होता, एकच माणूस चालवत होता. तुम्हाला इथे का यायचंय असा प्रश्न होता त्याला मी इंग्रजीत लिहिलं की माझ्या घराजवळ फ्लेमिंगो येतात. दुसऱ्या दिवशी मंजुरी आली.

आणि पहिला आठवडा नुसता शुकशुकाट. इथे अल्गोरिदम तुमच्या ताटात काही वाढत नाही, ज्यांना फॉलो कराल त्यांचंच दिसणार, तेही वेळेच्या क्रमाने. मी कोणालाच केलं नव्हतं तर दिसणार काय, कप्पाळ! हॅशटॅग फॉलो करता येतो हे कळल्यावर पक्ष्यांचे, मराठीचे असे काही धरले, मग हळूहळू माणसं सापडत गेली. जुन्या साइटवर माझे चार हजारांवर फॉलोअर, त्यांना महिनाभर सांगत होते की इथे या इथे या, आले एकसष्ट. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या एकसष्टांपैकी निम्मे तरी उत्तरं द्यायचे, चार हजारांत एवढे कधी दिले नव्हते. एक सावधगिरीची गोष्ट, इथले खासगी मेसेज एन्क्रिप्टेड म्हणजे कुलूपबंद नसतात, सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवलं तर वाचू शकतो, तेव्हा ओटीपी-बिटीपी तिथे नको.

इथली एक पद्धत मला आधी कटकट वाटली होती. फोटो टाकला की त्याचं वर्णन लिहायचं, ज्यांना दिसत नाही त्यांचा स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो. सक्ती नाही पण लिहिलं नाही तर लोक हळूच आठवण करतात. मी एकदा लिहिलं, "चिखलात सात रोहित, डोकं उलटं पाण्यात." तर एका गृहस्थांनी विचारलं, ताई, मला दिसत नाही म्हणून विचारतो, डोकं उलटं म्हणजे कसं? मी इतकी वर्षं बघत होते पण कधी शब्दांत सांगितलंच नव्हतं. मग बसून लिहिलं, मान खाली सोडतो, चोचीची वरची बाजू चिखलाकडे येते, आपण वाटी पालथी करून पाण्यात बुडवावी तशी, मग जिभेने पाणी आत ओढतो, बाहेर ढकलतो आणि बारीक शेवाळ चोचीतल्या गाळणीत अडकून राहतं. एका पोस्टला पाचशेच अक्षरं, त्यात मावेना म्हणून तीन पोस्टी झाल्या. अकरा वर्षांत लिहिलेल्यात मला तेच सगळ्यात आवडतं.

आणि सात महिन्यांनी सर्व्हरवाल्याची नोटीस, परवडत नाही, वेळ होत नाही, तीन महिन्यांनी बंद करतोय. मी म्हटलं झालं, आगीतून फुफाट्यात. पण निदान तीन महिने आधी सांगितलं, मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतल्या सर्व्हरांनी तेवढी मुदत द्यायचं कबूल केलेलं असतं. यावेळी मोठा, चार-पाच जण मिळून चालवतात असा सर्व्हर शोधला. नवीन खात्यात जुन्याचा पत्ता नोंदवायचा, मग जुन्यात जाऊन "हलवा" म्हणायचं, क्रम चुकला तर होत नाही (माझा चुकला). मी ज्यांना फॉलो करत होते त्यांची यादी सीएसव्ही म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये उतरवली नि नवीनकडे चढवली. फॉलोअर एका रात्रीत आपोआप सरकले, कोणालाही परत बोलवावं लागलं नाही, हे मात्र जुन्या कंपनीकडून निघताना स्वप्नात पण शक्य नव्हतं. एकदा हलवलं की तीस दिवस परत हलवता येत नाही, तेवढं बघून घ्या.

पोस्टी मात्र सरकत नाहीत. माणसं येतात, लिहिलेलं तिथेच राहतं, सर्व्हर बंद की तेही गेलं. कॉपी उतरवून घेता येते, नवीन खात्यात चढवता येत नाही. आता सगळं लॅपटॉपवर, वर्षावर्षाचे फोल्डर करून, ओळी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, आणि एक प्रत भाच्याकडच्या हार्ड डिस्कवर. पोस्ट नंतर, आधी फाइल.

रोहित यंदाही आलेत. परवा ती पालथ्या वाटीची तिन्ही टिपणं नवीन खात्यावर हाताने परत टाकली, पाच मिनिटांत त्याच गृहस्थांचं उत्तर, "ताई, हे तुम्ही मागेच सांगितलंय."