आधी बघायला शिका

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे आजारपणानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिलेले उपचार. ती शिकताना पहिल्या फील्डवर्कला, म्हणजे पेशंटसोबतच्या प्रत्यक्ष सरावाला, आलेल्या मुलामुलींचे हात शिवशिवत असतात. पेशंट जरा अडखळला की लगेच कुणीतरी बाही ओढून देतं, चमचा सरळ करून देतं. ती ओढ मला मनापासून आवडते. तरी सुरुवातीला मी एवढंच सांगते, की हात मागे ठेवा आणि दिसलं तेवढंच वहीत लिहा. ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक महासंघाच्या निकषांनुसार शिक्षण संपेपर्यंत किमान १००० तास फील्डवर्क करावं लागतं. उपचार करायला पुढे वेळ मिळतोच, बघण्याची सवय मात्र आधी लागावी लागते.

त्या दिवशी समोर एक निवृत्त शिक्षक होते. मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झालेला, डावा हात आणि पाय अधू. फाईलमध्ये नोंद होती, ‘कपडे घालताना मदत लागते.’ अशा नोंदीवरून मदत नेमकी कुठे लागते ते काहीच कळत नाही. माझ्या विद्यार्थिनीला नियम पाठ होता: घालताना अधू हात आधी, काढताना शेवटी. सांगायची घाई तिच्या चेहऱ्यावर दिसत होती, पण ती गप्प राहिली.

काकांनी उजवा हात बाहीत घातला, कॉलर नीट केली आणि अर्धा शर्ट पाठीवर लोंबत असतानाच म्हणाले, “झालं.”

तिने वहीत लिहिलं होतं: ‘डावी बाही शोधली नाही. डावा हात उचलायचा प्रयत्न नाही. मी डावीकडून बोलले तेव्हा वळले नाहीत. उजवीकडे गेल्यावर हसले.’

मी ते दोनदा वाचलं. हातात नुसती ताकद कमी असती तर काका बाहीशी झटले असते, वैतागले असते. इथे डावी बाजू त्यांच्या लेखी नव्हतीच. याला आम्ही ‘निग्लेक्ट’ म्हणतो. दृष्टीचा अर्धा भाग गेलेला माणूस बऱ्याचदा मान वळवून उरलेलं शोधतो, पण निग्लेक्टमध्ये काही राहून गेलंय हेच जाणवत नाही. कागदावर आडवी रेघ काढून मी मध्यावर खूण करायला सांगितलं. खूण बरीच उजवीकडे पडली. चांदण्या खोडायच्या कागदावर डावीकडच्या चांदण्या तशाच राहिल्या.

मग तिने काकांना विचारलं, तुम्हाला स्वतःला काय करता यावंसं वाटतं? शर्टाचं नावही त्यांनी काढलं नाही. म्हणाले, “पेपर.” त्याच्या महत्त्वाला त्यांनी दहापैकी दहा गुण दिले, सध्याच्या समाधानाला एक. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “हल्ली हातात घेतात आणि ठेवून देतात. मन लागत नाही म्हणतात.” आम्ही मोठ्याने वाचायला सांगितलं. प्रत्येक ओळ ते मधूनच सुरू करत होते. अशा वाक्यांत कुणाचं मन लागेल?

दुसऱ्या दिवशी तिने बातमीच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. “काका, लाल दिसेपर्यंत मान वळवा, मग वाचा.” पहिल्या दोन ओळी जमल्या, तिसरी पुन्हा अर्ध्यातून सुरू झाली. तिने पट्टीवर बोट ठेवलं, काका मागे आले. बातमी संपेपर्यंत घाम फुटला त्यांना, पण संपवली, आणि लगेच त्यातल्या एका मुद्द्यावरून पत्नीशी वाद घालायला लागले.

शर्टाच्या डाव्या बाहीला लाल फीत लावायचं त्यानंतर ठरलं. तेही तिनेच सुचवलं.